बावीत टाकलेली परडी

भादवा सरत आला होता. तुरीच्या रानावरून उठलेलं धुकं दुबलगुंडीच्या वरच्या गल्लीत शिरलं होतं, आणि शरणम्मा पाटलीणबाईच्या उंबऱ्यापुढं एक म्हातारी डोळे मिटून उभी होती. पांढरं लुगडं धुक्यात मिसळून गेलेलं. आधी आवाज आला, मग म्हातारी दिसली. डावा हात कमरेशी वाकवून धरलेला, जसं त्या हातावर काही ठेवलंय. हातावर काही नव्हतं. उजवा तळवा पुढं पसरलेला. आणि ती गात होती:

"डोंगराच्या वाटंला दिवा लाव गं आई,
पाय माझे थकले, परडी थकली न्हाई."

ती आमची कोंडामाय. कोंडाबाई म्हणून मतदार यादीत नाव, पण सगळ्या बौद्ध वस्तीची ती कोंडामायच. विहारात वंदना तीच सांगायची. आणि त्या मंगळवारी ती पाटलाच्या दारात जोगवा मागत होती.

मी पळत गेले. शरणम्मा सुपात ज्वारीचं पीठ घेऊन बाहेर आली होती आणि तिच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. खोटं पाणी नव्हतं, ते मला कळत होतं, म्हणून जास्तच राग आला.

"किती वर्सांनी ऐकायलाव गे! आवाज तस्साच हाय बघ," ती म्हणाली.

"शरणम्मा, सूप आत न्या."

"कामून? ती मागायली, मी द्यायली. तुझ्या पोटात कामून दुखायलंय?"

"ती मागत न्हाई. तिचं डोकं दुखायलंय."

"डोकं न्हवं. देवीनं वढून आणलंय तिला. तुमी भिंतीवरचे फोटो कितीबी बदला."

"मग देवीला म्हणावं, आधी आमच्या बावीत उतर अन् तळाला हात लाव."

शरणम्मानं सूप मागं घेतलं. बावीची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती.

*

ज्यांना परडी ठाऊक नाही त्यांना सांगते. वेताची लहानशी टोपली. देवीच्या आराधिणीनं ती हातावर घ्यायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, मंगळवारी-शुक्रवारी दारोदार गात फिरायचं आणि पीठमीठ तिच्यात घ्यायचं. गाणं गोड असतं. लोक डोलतात. पण कोंडामायच्या घरात ती परडी म्हणजे आजीनं, आईनं आणि मग तिनं दुसऱ्याच्या उंबऱ्याखाली उभं राहायचं. उंबऱ्यावर नाही, खाली. पीठ वरून पडायचं. पीठ देणारीचं बोट कधी परडीला लागायचं नाही. तशी तालीमच असायची त्यांच्या बोटांना.

छप्पन साली आमचा मुलूख हैदराबादेतून निघून म्हैसूर राज्यात गेला. आम्हाला कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही धर्म बदलला, तेव्हा आम्हीही कुणाला विचारलं नाही. दीक्षेच्या सकाळी सगळी वस्ती बावीच्या काठावर जमली होती. आमच्याकडं विहिरीला बाव म्हणतात. आमची बाव जुनी, दगडी, वरून पाहिलं तर गोल काळा डोळा. मी तेव्हा झिपऱ्या केसांची पोरगी होते, आईच्या पदराला धरून उभी होते. कोंडामाय पुढं आली, माळ टाकली, परडी टाकली. माळ बुडाली. परडी बुडेना.

वेताची ती. पाण्यावर तरंगायला लागली, हळूहळू गिरकी घेत, जशी काही आमच्याकडंच बघत. बायका कुजबुजल्या. कुणी म्हणालं, जायचं न्हाई तिच्या मनात. कोंडामायनं लुगड्याचा काष्टा आवळला, पायऱ्या उतरून गेली, परडी ओढून वर आणली आणि म्हणाली, "धोंडा द्या रे कुणी."

धोंडा उचलून दिला तो उद्धवनं. अठरा वर्षांचा, वस्तीतला पहिला मॅट्रिक. कोंडामायनं धोंडा परडीत घातला, दोरीनं बांधला आणि दोन्ही हातांनी फेकला. पाण्यानं एकदाच तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या दिवसापासून तिनं एकही गाणं म्हटलं नाही. जात्यावर नाही, खुरपताना नाही, नागनाथच्या लग्नात नाही. नागनाथ म्हणजे तिचा मुलगा. नातवंडाला झोपवायचं झालं तरी मांडीवर नुसतं थोपटायची. बाया म्हणायच्या, "म्हन की गे येक, कोण बघायलंय?" ती म्हणायची, "मी बघायलाव की."

*

आता हे अठ्ठ्याऐंशी साल. कोंडामायचं सत्तरीच्या आसपास काही तरी चाललेलं. त्याआधी दोनेक वर्षं तिच्यात बारीक बारीक बदल होत होते. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं. उंबऱ्याशी आली की थांबायची, खाली बघायची, जसं उंबऱ्यापलीकडं पाणी आहे आणि ते हलू नये. मग वीतभर पाऊल, पुन्हा वीतभर. मध्येच हसू यायचं, हसता हसता रडू. विचारलं तर म्हणायची, "मला काय ठावं? येतंय तर येतंय." लुगडं ओलं व्हायचं तेही तिला उशिरा कळायचं. थोडं बिघडायचं, मग काही महिने तिथंच थांबायचं, मग एका सकाळी आणखी एक पायरी खाली. कुणी बावीच्या पायऱ्या उतरत जावं तसं.

आणि मग गाणी वर आली. आधी ओठांत, मग मोठ्यानं. दुपारच्या उन्हात ओसरीवर बसून ती गायची तेव्हा कोंबड्या थांबायच्या. खोटं कशाला बोलू, आवाज असा होता की माझेही पाय थांबायचे. लहानपणी झोपेत ऐकलेला आवाज. वाटायचं, बावीच्या तळाशी कुणी तरी इतकी वर्षं गातच होतं आणि आता कुठं पाणी आटलं म्हणून ऐकू यायला लागलं.

पण गाणं ओसरीवर थांबलं नाही, पाटलाच्या दारात गेलं. त्याच संध्याकाळी विहार समिती बसली. मीही समितीत होते.

नवा विहार बांधून होत आला होता. भिंती उभ्या होत्या, छत पडलं होतं, खिडक्यांना चौकटी नव्हत्या. भिंती नागनाथनंच बांधल्या, तो गवंडी. दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, उद्घाटन ठरलं होतं आणि पहिला दिवा कोंडामायनं लावायचा हेही ठरलं होतं. तालुक्यातून माणसं येणार होती. समितीचे अध्यक्ष उद्धवराव मास्तर. तोच उद्धव, धोंडा देणारा.

"दिवा दुसरं कुणी लावंल," मास्तर म्हणाले. "विषय संपला."

"कामून संपला?" मी म्हटलं. "सुरू कवा झाला?"

"रेणुकाबाई, सकाळी ती पाटलाच्या दारात हात पसरून उभी होती. वरच्या गल्लीत पेढे वाटायचेच बाकी हायेत. सगळा तालुका येनार, अन् तिनं दिवा हातात घेऊन देवीचं गाणं म्हटलं, तर? तीस वर्सांचं काम मातीत."

"ती आजारी हाय."

"आजारी माणूस खोकतंय. जोगवा मागत न्हाई. मनात असल्याबिगर तोंडात येतंय का?"

"तुमच्या मनात काय काय हाय ते तोंडात येत न्हाई म्हणून बरं हाय."

कुणी तरी हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. "तुमी आधी आपलं नाव बदला. रेणुका! देवीचंच की."

"अन् तुमचं उद्धव बुद्धाच्या कुठल्या सुत्तात सापडलं?"

हा वाद आमच्यात नेहमीचा. पण त्या दिवशी मास्तर नेहमीसारखे हसले नाहीत. मी उठले. "दसऱ्याच्या आत डॉक्टरकडून आणून दाखवते, तिला काय झालंय ते."

"डॉक्टर काय सांगनार? देवी हाय का न्हाई?"

"डोकं दाखवंल. हैद्राबादला डोक्याच्या आतला फोटो काढतेत. लागलं तर तुमचाबी काढून आणते."

*

हे हैदराबादचं मला हुमनाबादच्या सरकारी डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यानं कोंडामायच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काटा बघितला, पुन्हा फुगवला. रक्ताचा दाब इतका की तो म्हणाला, हा आजचा नाही, बऱ्याच वर्षांचा असणार. डोकं दुखायचं का? विमलबाई, म्हणजे नागनाथची बायको, म्हणाली, "फडकं बांधून काम करायच्या." तेवढंच. आमच्याकडं डोकं दुखलं की फडकं बांधतात.

समितीतलं बोलणं सांगायला मी नागनाथकडं गेले तर विमलबाईनं मला चुलीकडं ओढलं आणि कणगीकडं बोट केलं. कणगीच्या मागं नवी कोरी परडी. पिवळ्या वेताची, कुंकू लावलेली.

माझं डोकं फिरलं. "नागनाथ! हे काय आणलास?"

तो हातपाय धूत होता. हातांवर चुन्याचे चट्टे. वर न बघता म्हणाला, "देवऋषीकडं गेलो होतो. तो म्हनला, परडी हातात द्या, शांत होईल."

"आयनं धोंडा बांधून बुडवली ती तू पैसे देऊन इकत आणलास?"

"तुला काय गे?" आता त्यानं वर बघितलं. "तू येतीस, भाषण करतीस, जातीस. तिचं लुगडं बदलतेव ते मी अन् इमल. ती हात वाकडा धरून घरभर कायतरी हुडकत फिरती. रडती. मला बघवंना. तिच्या हातात परडी दिली अन् ती हसली, तर माझा कुठला धम्म बुडनार हाय?"

मी परडी कणगीमागं आणखी आत सारली. 

"दसऱ्यापत्तर थांब," मी म्हटलं.

"दसऱ्यापत्तर," तो म्हणाला. "मास्तरनं दिवा दिला तर दिवा. न्हाई तर परडी. पर माझी माय रिकाम्या हातानं रडनार न्हाई."

खर्चाची जुळवाजुळव कशी झाली ते सांगत बसत नाही. झाली.

*

बसमध्ये कोंडामाय खिडकीशी, मध्ये विमलबाई, कडेला मी. नागनाथ मागं उभा. रस्ता सुरू झाला तशी ती काचेला कपाळ टेकवून बाहेर बघायला लागली. लाल माती, मधेच काळी, पुन्हा लाल. मेंढरांचा एक कळप रस्त्याकडंला वाहत चालला होता, आणि बस त्याच्या बाजूनं इतकी हळू गेली की वाटलं कळपच उभा आहे आणि आम्हीच लोकरीच्या नदीतून चाललोय. कोंडामायचे डोळे त्या नदीबरोबर वाहत गेले.

मन्नाएखेळ्ळीला बस थांबली. चहा आणला. तिनं बशी दोन्ही हातांत धरली आणि विचारलं, "तुळजापूर आलं का?"

"न्हाई आत्या," विमलबाई म्हणाली, "हैद्राबादला जायलाव."

"निजाम हाय का अजून?"

"गेला."

"कुठं गेला?"

"तुमची परडी गेली तिकडंच," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पोट धरून हसली. हसू थांबेना, चहा सांडला, आणि हसता हसता डोळे भरून आले. विमलबाईनं पदरानं तोंड पुसलं. बस निघाली. पुढं जहीराबादपर्यंत ती विमलबाईच्या खांद्यावर झोपली, आणि झोपेत डावा हात हळूच वाकला. हातावर काही नव्हतं.

शहरात पोचलो. ते मशीन म्हणजे भिंतीएवढं जातं आडवं न ठेवता उभं केलेलं. मधे भोक. माणसाला फळीवर निजवायचं आणि डोकं त्या भोकात सरकवायचं. खोली थंडगार, पांढरी, आणि कुठून तरी एकसुरी घुमणं येत होतं. मशीन चालवणारा काचेपलीकडं बसला. आत जाताना कोंडामायच्या कपाळावर पट्टी बांधून म्हणाला, "अम्मा, हिलना नक्को. बिल्कुल नक्को."

मशीन घुमायला लागलं. ते घुमणं जात्यासारखं होतं, आणि जात्यावर बसलेल्या बाईला जे सुचतं ते तिला सुचलं. ती गायला लागली. त्या उभ्या जात्याच्या आतून आवाज असा यायचा की खोलीच्या भिंतीच गातायत.

काचेपलीकडून तो ओरडला, "पूरी तस्वीर हिल गई! गाना बंद कराओ इनका!"

पुन्हा केलं. पुन्हा गाणं. गाताना हनुवटी हलते, डोकं हलतं, फोटो फिसकटतो. तो बाहेर आला, म्हणाला असं नाही जमणार, सुई देऊन झोपवावं लागंल, या वयात त्याचीही भीती, नाही तर घेऊन जा. मी त्याच्याशी भांडायच्या तयारीत होते. माझा तोच एक हातखंडा. पण विमलबाई मला बाजूला सारून पुढं झाली. ही बाई घरात मोठ्यानं बोलत नाही. ती सासूच्या कानाशी वाकली.

"आत्या, वंदनेची येळ झाली. समदे बसलेत. डोळे मिटा."

कोंडामायचे दोन्ही हात छातीवर आले आणि जुळले. वाकडा असलेला डावासुद्धा. डोळे मिटले. ओठ मिटले. आणि तिचं सगळं अंग, वारा पडल्यावर पाणी व्हावं तसं, स्थिर झालं. इतकी वर्षं ती विहारात अशीच बसत आली होती, पाठ ताठ, पापणीही न हलवता, बाकीच्या बायका माशा हाकलत असताना. मशीन घुमत राहिलं. ती हलली नाही. काचेपलीकडचा माणूस काही तरी पुटपुटला. शिवी नव्हती.

*

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, चष्मा साखळीला बांधलेला. काळी फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावली. तिच्यावर कोंडामायचं डोकं, आडवं कापल्यासारखं, एकाखाली एक काप. बाहेरचं हाड पांढरं. आत राखाडी. मधोमध काळी पोकळी, पंख पसरलेल्या पाखरासारखी.

"ये सबके होता," त्या म्हणाल्या. पोकळी सगळ्यांच्यात असते, आत पाणी असतं. वय झालं की जरा मोठी होते. मग त्यांनी पेनचं टोपण पंखांच्या टोकांवर फिरवलं. तिथं राखाडी रंगावर काळपट झाक होती, ओल धरलेल्या भिंतीसारखी. आणि आणखी आत, टाचणीनं टोचल्यासारखे दोन-तीन काळे ठिपके.

"बड़ी नसां अच्छे हैं. बारीक नसां खराब हो गए."

त्यांनी समजावलं ते मला असं समजलं. डोक्यात मोठ्या नसा असतात आणि त्यांना केसांसारख्या बारीक नसा फुटतात, पार आतपर्यंत जाणाऱ्या. वर्षानुवर्षं रक्ताचा दाब जास्त राहिला की त्या बारीक नसा आतून जाड, कडक होतात. कुठं रक्त कमी पोचतं, कुठं पोचतच नाही. जिथं पोचत नाही ते सुकतं. एका जागी मोठा घाव नाही. थोडं इथं, थोडं तिथं. म्हणून एका दिवसात काही झालं नाही, पायरी पायरीनं झालं. पाऊल चिकटणं त्यातलंच. हसू-रडू त्यातलंच. लुगडं ओलं होणंही त्यातलंच.

"आणि गाणं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "गाना नया है कि पुराना?"

मी सगळं सांगितलं. परडी, बाव, धोंडा. त्या मधे बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या की फोटोत गाणं दिसत नाही, सुकलेलं तेवढं दिसतं, म्हणून शपथेवर काही सांगणार नाही. पण या आजारात माणसाचा स्वतःला आवरायचा जोर जातो, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

"भूली नहीं थी ना उनो," त्या हळूच म्हणाल्या. "रोक के रक्खी थी. अब रोकने का जोर नहीं रहा."

नागनाथ भिंतीला टेकून खाली बसला.

कोंडामाय उठली. वीतभर, वीतभर पावलं टाकत पेटीजवळ आली. उजेड तिच्या तोंडावर पडला. मधल्या काळ्या पोकळीवर तिनं बोट ठेवलं आणि आमच्याकडं वळून, लहान पोरीनं घर ओळखावं तसं, म्हणाली, "आपली बाव!"

विमलबाई तिच्यामागं जाऊन उभी राहिली.

"ह्यातच टाकली की मी परडी. बुडंना बघ ती. तरंगायली." तिनं पोकळीच्या कडेच्या काळपट झाकेवर बोट फिरवलं. "धोंडा घातला का न्हाई? रेणे, तू होतीस न्हवं? धोंडा घातला का?"

"घातला, कोंडामाय."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसून डुलक्या घ्यायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी दाबाच्या गोळ्या लिहून दिल्या. मीठ कमी करा म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा.

*

परतल्यावर मी फिल्म घेऊन थेट विहारात गेले. मास्तर एकटेच उभे राहून रंगाचं काम बघत होते. चौकट नसलेल्या खिडकीत मी फिल्म आभाळासमोर धरली. संध्याकाळचा उजेड तिच्यातून आला आणि कोंडामायचं डोकं आमच्या नव्या भिंतीपुढं तरंगत राहिलं. मागं तुरीचं रान होतं, तेही त्यातून अंधुक दिसत होतं.

मी सांगितलं. यावेळी आवाज चढवला नाही.

"मास्तर, तुमी देव सोडलाव तवा तुमाला काय सोडावं लागलं? तुमाला गाता येत न्हवतं. तिच्या गळ्यात ते व्हतं. रोज वर यायचं अन् ती रोज दाबायची. आता दाबायचा जोर गेलाय, तर आपन म्हनायलाव, बघा, कोंडामाय बाटली. अन् त्या मशीनमधी ती काशानं निवांत पडली सांगू? वंदनेची येळ झाली म्हनल्यावर."

मास्तरांनी फिल्म हातात घेतली. फार वेळ बघत राहिले. शाळेत नकाशा दाखवणारा माणूस, पण हा नकाशा त्यांना वाचता येत नव्हता आणि ते तसं लपवतही नव्हते.

"अन् दिवा हातात घेऊन तिनं गाणं म्हटलं तर?"

"म्हनू द्या."

"तालुक्याची माणसं—"

"ती जेवून जातील. कोंडामाय हितंच ऱ्हानार हाय."

ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. फिल्म नीट पाकिटात घालून माझ्याकडं दिली, ती मात्र दोन्ही हातांनी.

*

दसऱ्याच्या सकाळी आभाळ दुधासारखं होतं. वरच्या गल्लीत देवीची पालखी निघाली होती आणि संबळ वाजत होता. आमच्या विहारावर निळे-पांढरे कागद फडफडत होते. कोंडामायला विमलबाई घेऊन आली. शुभ्र लुगडं, डोक्यावर पदर. नागनाथ मागं. त्याच्या खांद्यावर पिशवी होती, आणि त्या पिशवीचा आकार गोल होता. मला दिसलं. तो माझी नजर टाळत होता.

लोकांनी वाट केली. वीतभर, वीतभर पाऊल. संबळाचा ठोका जवळ आला की पाऊल त्या ठोक्यावर पडायचं; दूर गेला की थांबायचं.  बुद्धाच्या मूर्तीपुढं ती पोचली. बाबासाहेबांच्या फोटोला हार होता. मास्तर पेटती मेणबत्ती घेऊन उभे होते. त्यांनी ती तिच्या उजव्या हातात दिली. म्हणजे एवढं तरी ठरलं.

कोंडामाय ज्योतीकडं बघत राहिली. आणि गायला लागली.

"डोंगराच्या वाटंला दिवा लाव गं आई..."

पहिल्या रांगेतला तालुक्याचा एक पुढारी खाकरला.  बायकांच्या बाजूला म्हाताऱ्या होत्या, त्यांचे ओठ आपोआप हलत होते आणि त्यांनी ते पदरानं झाकले. गाणं नव्या चुन्याच्या भिंतींवर जाऊन परत येत होतं. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटांवर ओघळत होतं, तिला कळत नव्हतं. मग डावा हात हळूहळू वाकला. तिनं त्या वाकलेल्या हातात पाहिलं. गाणं थांबलं. चेहरा विस्कटला.

"माझी परडी कुठाय?"

नागनाथचा हात पिशवीत गेला. मी बघत होते, तोही माझ्याकडं बघत होता. मी त्याला अडवलं नाही. रिकाम्या हातानं रडू देणार नाही म्हणाला होता, आणि तिचे ओठ थरथरायला लागले होते.

मास्तर पुढं आले. खाली वाकले, तिच्या डोळ्यांसमोर डोळे आणले.

"अक्का, परडी बावीत टाकलीया."

"कुणी?"

"तुमी."

"मी?" तिनं विचार केला. विचार कुठून कुठून फिरून येत होता, बंद वाटा टाळत. "बुडंना ती. तरंगती."

"धोंडा घातला."

"कुणी दिला धोंडा?"

 वर्गात पोरांना गप्प करणारा मास्तरांचा आवाज पार फाटला. "मी दिला, अक्का. उद्धव. मीच दिला की."

"उद्धव व्हय रे तू?" तिनं मेणबत्ती त्यांच्या तोंडापाशी नेली आणि निरखलं. "केवढा झालास! धोंडा मोठा व्हता न्हवं?"

"लई मोठा."

"मग न्हाई वर यायची," कोंडामाय म्हणाली. तोंडभर हसली. आणि वळून, कुणी न सांगता, दिवा लावला.

नागनाथनं पिशवीतला हात रिकामाच बाहेर काढला.

*

त्यानंतरही ती गायची. मंगळवारी उंबऱ्याकडं निघायची तेव्हा विमलबाई तिला विहाराकडं वळवायची, आणि ती विहाराच्या पायरीवर बसून गायची. हात वाकला की विचारायची, परडी कुठाय? जो जवळ असेल तो सांगायचा: बावीत टाकली. कुणी? तुमीच. दर वेळी तिचा चेहरा तसाच उजळायचा, जसं ते आत्ताच घडलं, आत्ताच पाण्यानं तोंड मिटलं. आम्ही सगळ्यांनी मिळून आयुष्यात एकदा जे केलं, ते ती रोज करत होती.

नव्या परडीत विमलबाईनं खुडूक कोंबडी बसवली. एका दुपारी कोंडामाय भिंतीला धरून कणगीपाशी गेली, वाकून बघितलं, आणि घरभर ऐकू जाईल असं हसली.

"इमल, हिला कामून परडीत बसवलीस गे? आता ही जाती का पाटलाच्या दारात?"

"न्हाई आत्या," विमलबाई चुलीपासून म्हणाली. "ती अंडी उबवायली."

"उबवू दे मग," म्हातारी म्हणाली, आणि तिथंच भुईवर बसून त्या कोंबडीला थोपटत राहिली.